मनाई हुकूम, स्थगिती आणि ‘जैसे थे’: पर्यावरणाच्या व राजकीय वादांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडे, खाडी, डोंगर, निवडणूक, मोर्चा यांपैकी कशावरूनही वाद कोर्टात गेला की पहिला प्रश्न एकच असतो: निकाल लागेपर्यंत काय? निकालाला वर्षे लागतात, झाड तोडायला काही मिनिटे पुरतात. त्यामुळे अशा बहुतेक वादांत खरी लढाई अंतरिम आदेशाचीच असते. खालील माहिती भारतीय कायद्याची आहे आणि महाराष्ट्रातील कोर्टांची पद्धत डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. प्रत्यक्ष दावा किंवा याचिका वकिलाला कागद दाखवूनच दाखल करा.

मनाई हुकूम, स्थगिती आणि ‘जैसे थे’ हे तिन्ही एकच का?

नाही. मनाई हुकूम व्यक्तीला किंवा संस्थेला असतो: अमुक कृती करू नका. स्थगिती एखाद्या आदेशाला असते: पर्यावरण मंजुरी, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश किंवा खालच्या कोर्टाचा निकाल तूर्त अमलात आणायचा नाही. ‘जैसे थे’ म्हणजे आदेशाच्या क्षणी जागेवर जे आहे ते तसेच राहू द्यायचे.

सर्वांत जास्त भांडणे या तिसऱ्यावरून होतात. त्या दिवशी जागेवर नेमके काय होते हे आदेशात लिहिलेले नसेल, तर दोन्ही बाजू आपापली ‘जैसे थे’ सांगत बसतात. म्हणून अर्जातच स्थिती नोंदवा: किती झाडे उभी आहेत, भराव कुठपर्यंत आला आहे, पाया खोदला आहे की नाही. शक्य असेल तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ (संहितेतल्या प्रकरणांना ‘आदेश’ म्हणतात) नियम ९ खाली कोर्ट कमिशनर, म्हणजे जागा पाहून कोर्टाला अहवाल देणारी व्यक्ती, नेमून पाहणी करून घ्या.

दिवाणी कोर्टात नेमका कोणता अर्ज करायचा?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम १ व २ खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आपल्याकडे दाव्यासोबतच्या या अर्जाला निशाणी ५ पडते, म्हणून वकिलांच्या तोंडी तो ‘निशाणी पाच’च असतो. कायमचा मनाई हुकूम स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ च्या कलम ३८ खाली आणि निकालातच मिळतो. हे आवर्जून सांगायचे कारण असे की निशाणी ५ मंजूर झाली की लोक दावा जिंकला असे समजतात आणि पुढच्या तारखांकडे दुर्लक्ष करतात.

हरित न्यायाधिकरण, उच्च न्यायालय की दिवाणी कोर्ट? कुठे जायचे?

इथे चूक झाली की महिने वाया जातात.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजेच एनजीटी, २०१० च्या कायद्याने स्थापन झाले. महाराष्ट्रासाठी त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. त्याची कक्षा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीपुरती आहे: जल कायदा १९७४, जल उपकर कायदा १९७७, वन (संवर्धन) कायदा १९८०, वायू कायदा १९८१, पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६, सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ आणि जैवविविधता कायदा २००२. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि वनहक्क कायदा २००६ या यादीत नाहीत. केवळ त्यांच्यावर उभा असलेला वाद पुण्यात नेला तर अधिकारकक्षेवरच अडकतो. शिवाय नियम किंवा अधिसूचनाच बेकायदा ठरवून हवी असेल, तर ते एनजीटीच्या हातात नाही. २०१९ च्या स्टरलाइट निकालात सर्वोच्च न्यायालयाने एनजीटीला न्यायिक पुनर्विलोकनाचा सर्वसाधारण अधिकार नसल्याचे सांगितले. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट, म्हणजे सरकारी कृतीविरुद्धची घटनात्मक याचिका, करावी लागते.

एनजीटीच्या कक्षेतला विषय दिवाणी कोर्टात नेता येत नाही. एनजीटी कायद्याचे कलम २९ त्यावर बंदी घालते आणि अशा बाबतीत दिवाणी कोर्टाने मनाई देऊ नये असेही सांगते. उच्च न्यायालयाचा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालचा रिटचा अधिकार मात्र शाबूत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते स्पष्ट केले. तरीही ‘एनजीटी आहे ना, तिकडे जा’ असे उच्च न्यायालय म्हणू शकते. इथेच का आलो, याचे उत्तर याचिकेच्या पहिल्या दोन पानांत असू द्या.

दिवाणी कोर्टाकडे उरतो तो तुमच्या स्वतःच्या हक्काचा भाग: वहिवाट, पाण्याची वाट, शेताला होणारा उपद्रव. सार्वजनिक उपद्रवासाठी संहितेचे कलम ९१ आहे. दोन किंवा अधिक माणसे कोर्टाची परवानगी घेऊन दावा लावू शकतात, स्वतःचे वेगळे नुकसान दाखवावे लागत नाही. हे कलम फार थोडे लोक वापरतात.

मुदत किती असते?

पर्यावरण मंजुरीविरुद्धचे अपील एनजीटी कायद्याच्या कलम १६ खाली ३० दिवसांत. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही. ९० दिवसांनंतरचा उशीर माफ करण्याचा अधिकारच न्यायाधिकरणाला नाही. मंजुरी संकेतस्थळावर किंवा वृत्तपत्रात ज्या दिवशी जाहीर झाली, त्यांतली सगळ्यांत आधीची तारीख धरून चाला. ‘आम्हाला उशिरा कळले’ यावर विसंबू नका.

कलम १४ खालच्या वादासाठी, कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, अधिक ६० दिवस. भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करून घेण्यासाठी कलम १५ खाली पाच वर्षे, अधिक ६० दिवस.

कोर्ट काय पाहते?

तीन गोष्टी, आणि तिन्ही लागतात: प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल आणि कधीही भरून न येणारे नुकसान. सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा दलपत कुमार निकाल यासाठी रोज उद्धृत होतो.

पर्यावरणाच्या वादात तिसरी कसोटी सहसा सोपी जाते. शंभर वर्षांचे झाड पैशाने परत येत नाही. अडते ते दुसऱ्या कसोटीवर. समोरचा पक्ष सांगतो की रोज इतके लाख व्याज चढते आहे, रुग्णालय किंवा मेट्रो रखडते आहे, लोकांची गैरसोय होते आहे. त्याला भावनेने उत्तर देता येत नाही, पर्याय दाखवावा लागतो: मार्गरेषा बदलता येते का, काम टप्प्याटप्प्याने होऊ शकते का, तूर्त वादग्रस्त तुकडा वगळून बाकीचे काम चालू ठेवता येते का. आमच्या मते सगळा प्रकल्प थांबवा म्हणण्यापेक्षा अमुक तुकड्याला हात लावू नका ही मागणी मंजूर होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

एनजीटीत कलम २० मुळे खबरदारीचे तत्त्वही लागू होते. गंभीर हानीचा धोका दिसत असेल तर शास्त्रीय खात्री पूर्ण होईपर्यंत थांबायची गरज नाही.

मागणी कशी लिहावी? उदाहरण द्या.

‘प्रतिवादींना बेकायदा काम करण्यापासून रोखावे’ ही मागणी निरुपयोगी आहे. प्रतिवादी म्हणेल, माझे काम कायदेशीर आहे. त्याऐवजी अशी लिहा: ‘प्रतिवादी क्र. १ ते ३, त्यांचे कंत्राटदार, नोकर व मुखत्यार यांनी नकाशात लाल रेषेने दाखवलेल्या, गट नंबर अमुकमधील अमुक चौरस मीटर क्षेत्रात कांदळवन तोडू नये, माती वा राडारोडा टाकू नये, भरतीचे पाणी अडवू नये, मूळ अर्जाच्या निकालापर्यंत.’ कंत्राटदाराचा उल्लेख विसरला जातो आणि जेसीबी तर त्याचाच असतो.

कांदळवनाच्या वादात आणखी एक गोष्ट पाहा. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवन तोडण्यास बंदी घातली आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण दिले. सार्वजनिक प्रकल्पासाठी तोड करायची तरी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. ती घेतली आहे का, हा तुमचा पहिला मुद्दा असू शकतो.

सोबत कोणते कागद लावायचे?

पर्यावरण मंजुरीचे पत्र अटींसकट, परिवेश पोर्टलवरील (केंद्राचे पर्यावरण मंजुरीचे संकेतस्थळ) अर्ज व समितीच्या बैठकीची इतिवृत्ते, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र, सातबारा व फेरफार, विकास आराखड्याचा उतारा, किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा, तुम्ही केलेल्या तक्रारी पोचपावतीसह. अटी नीट वाचा. मंजुरीच बेकायदा आहे हे सिद्ध करण्यापेक्षा तिच्यातली अमुक अट मोडली हे दाखवणे पुष्कळदा सोपे असते.

फोटोंवर तारीख आणि अक्षांश-रेखांश हवेत. एकाच जागेवरून, एकाच दिशेने, काही दिवसांच्या अंतराने काढलेले फोटो न्यायाधीशांना लगेच समजतात. मोबाइलमधला पुरावा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग असतात, एक पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. मूळ फाइल फोनमधून पुसू नका.

विरोधात जाणारा कागदही स्वतःच लावा. आधीची फेटाळलेली याचिका, तुमच्याच ग्रामसभेने दिलेला ठराव, मागे झालेली तडजोड लपवली आणि समोरच्याने दाखवली, तर मिळालेली मनाई त्याच दिवशी जाते. आदेश ३९ नियम ४ मध्ये खोट्या विधानाबद्दल तशी तरतूदच आहे.

उद्या सकाळी तोड सुरू होणार आहे. काय करता येईल?

तातडीची सुनावणी मागता येते. उच्च न्यायालयात सकाळीच मेन्शनिंग करून, म्हणजे न्यायाधीशांपुढे तोंडी उल्लेख करून, प्रकरण त्याच दिवशीच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) घ्यायची विनंती करतात. प्रत समोरच्या पक्षाला आणि सरकारी वकिलांना आधी द्या. मेन्शनिंगला एक-दोन मिनिटेच मिळतात. तेव्हा सांगायचे ते एवढेच: काय नष्ट होणार, कधी, आणि कशावरून माहीत.

उशिराची किंमत काय असते हे मुंबईतल्या आरे वसाहतीत, मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीच्या वादात, दिसले. मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ ला याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि ५ तारखेला उच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष पीठाने ७ ऑक्टोबरला ‘जैसे थे’चा आदेश दिला. तोपर्यंत मेट्रो कॉर्पोरेशनच्याच सांगण्यानुसार २,१४१ झाडे तोडून झाली होती. परवानगी २,१८५ झाडांची होती. आदेश मिळाला, पण वाचवायला जवळजवळ काहीच उरले नव्हते.

यातून घ्यायची खबरदारी अशी: निकाल राखून ठेवला असेल तेव्हाच, ‘विरोधात गेला तर अपिलासाठी अमुक दिवस सध्याची मनाई चालू ठेवा’ अशी लेखी विनंती तयार ठेवा आणि निकालाचे वाचन संपताच ती करा. अपिलाचा मसुदाही निकालाआधीच तयार हवा.

समोरच्याला न ऐकता आदेश मिळतो का?

मिळतो, पण तो अपवाद आहे. नोटीस काढण्यात वेळ गेला तर हेतूच फसेल असे वाटले तरच, आणि कारणे लिहूनच. आदेश मिळाल्यावर अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागद ताबडतोब समोरच्याला द्यायचे किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायचे, आणि तसे केल्याचे प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी दाखल करायचे. हे राहून गेल्यामुळे चांगल्या मनाया उठल्या आहेत. आदेश ३९ च्या नियम ३-अ प्रमाणे कोर्टाने अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो.

उच्च न्यायालयातल्या एकतर्फी अंतरिम आदेशाविरुद्ध अनुच्छेद २२६(३) आहे. बाधित पक्षाने आदेश उठवण्याचा अर्ज दिला आणि तो दोन आठवड्यांत निकाली निघाला नाही, तर आदेश आपोआप उठतो. तुमच्या बाजूने आदेश असेल तर ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सरकारविरुद्ध दिवाणी दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी असेल तर ८०(२) खाली परवानगी घेऊन नोटिशीविना दावा लावता येतो, मात्र सरकारला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्ट दिलासा देत नाही.

आमच्याविरुद्ध कुणी असा आदेश मिळवेल अशी भीती आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज, दाखल करा. ९० दिवस चालते, नंतर नवे करावे लागते.

पायाभूत प्रकल्पांना मनाई मिळतच नाही, हे खरे का?

अर्धे खरे. १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये कलम २०-अ आणि ४१(एचए) आले. अनुसूचीतील रस्ते, वीज, पाणी, दूरसंचार अशा प्रकल्पांना अडथळा वा उशीर होईल अशी मनाई दिवाणी कोर्टाने द्यायची नाही. पण २०-अ हे प्रकल्पाच्या करारासंबंधीच्या दाव्यांपुरते आहे, आणि ही कलमे रिट याचिका किंवा एनजीटी यांना बांधत नाहीत. समोरचे वकील तिथेही ती वाचून दाखवतात. गोंधळून जाऊ नका.

प्रकल्प रखडला तर नुकसानभरपाई आमच्या अंगावर येईल का?

येऊ शकते. सार्वजनिक प्रकल्प थांबवणाऱ्या अंतरिम आदेशात, याचिका शेवटी फसली तर लोकांच्या पैशाची भरपाई कशी होणार याची सोय असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने रौनक इंटरनॅशनल प्रकरणात १९९८ मध्ये म्हटले. तो वाद निविदेचा होता, पण कंपन्या तो पर्यावरणाच्या याचिकेतही काढतात. तुमचा त्यात आर्थिक स्वार्थ नाही हे प्रतिज्ञापत्रावर सांगा. दिवाणी कोर्टात अपुऱ्या कारणावर मनाई मिळवली असे ठरले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ खाली ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई लावता येते.

स्थगिती मिळाली म्हणजे प्रकल्प संपला का?

नाही. गोव्यातील मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ ला निलंबित केली, जानेवारी २०२० मध्ये निलंबन उठले आणि विमानतळ उभा राहिला. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याची किनारा नियमन मंजुरी उच्च न्यायालयाने १६ जुलै २०१९ ला रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालालाच स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. सरदार सरोवराची भिंत १९९५ पासून जवळपास चार वर्षे ८०.३ मीटरवर थांबली होती. ऑक्टोबर २००० च्या निकालाने ती पुढे वाढवायला वाट मोकळी केली.

उलटेही घडते. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ ला दिलेल्या अंतरिम आदेशाने केंद्राच्या मंजुरीविना वनांत चालणारी वनेतर कामे देशभर थांबवली आणि ‘वन’ शब्दाचा कोशातला अर्थ लागू केला. तो अंतरिम आदेश कित्येक कायद्यांहून जास्त परिणामकारक ठरला.

सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप संपते ना?

आता नाही. २०१८ च्या एशियन रिसरफेसिंग निकालात तसे म्हटले होते. २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते रद्द ठरवले. आदेशातच मुदत लिहिली असेल तर ती मात्र पाळावी लागते, आणि प्रत्येक तारखेला ‘अंतरिम आदेश चालू’ ही नोंद रोजनाम्यात आली की नाही ते पाहून घ्या.

आदेश मोडून काम चालू आहे.

आधी आदेश पोचल्याचा पुरावा करा. कोर्टाकडून हमदस्त (आदेश स्वतःच नेऊन बजावण्याची परवानगी) घेऊन बजावणी, ई-मेल, कंपनीच्या कार्यालयात पोच, स्थानिक पोलीस ठाण्यात प्रत. ‘आम्हाला आदेश माहीत नव्हता’ हा बचाव बंद झाला की अर्धे काम होते. मग तारीख-वेळेसह फोटो.

दिवाणी कोर्टाच्या मनाईचा भंग झाला तर आदेश ३९ नियम २-अ: मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. उच्च न्यायालयाचा असेल तर न्यायालय अवमान कायदा १९७१: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अवमान याचिकेला त्याच कायद्याच्या कलम २० ची एक वर्षाची मुदत आहे, ती विसरू नका. एनजीटीचा आदेश मोडला तर एनजीटी कायद्याच्या कलम २६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दहा कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही; कंपनीला पंचवीस कोटींपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने आरे प्रकरणातच, ठरलेल्या ८४ झाडांहून जास्तीची परवानगी परस्पर मागितल्याबद्दल एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो कॉर्पोरेशनला दहा लाख रुपये भरायला लावले.

निवडणुकीला स्थगिती मिळते का?

एकदा प्रक्रिया सुरू झाली की जवळपास नाहीच. अनुच्छेद ३२९(ब) संसद व विधानसभेसाठी, २४३-ओ पंचायतींसाठी आणि २४३-झेडजी नगरपालिकांसाठी कोर्टाचा हस्तक्षेप रोखतात. उमेदवारी अर्ज चुकीने बाद झाला तरी दाद निकालानंतर निवडणूक याचिकेतच मागायची. लोकसभा-विधानसभेसाठी मुदत ४५ दिवस. हा नियम १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून पक्का आहे. प्रभागरचना, आरक्षण, मतदार यादी यांवर आक्षेप असेल तर कार्यक्रम जाहीर होण्याआधी कोर्टात जा.

कोर्ट निवडणूक थांबवत नाही, पण एखादा भाग बाजूला काढू शकते. महाराष्ट्रात ६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसींच्या २७ टक्के जागांपुरती निवडणूक रोखली, उरलेल्या जागांची चालू ठेवली.

बहुमत चाचणी किंवा आमदारांची अपात्रता कोर्ट रोखू शकते का?

अध्यक्षांच्या निर्णयाआधी कोर्टाने मध्ये पडू नये, हा किहोटो होलोहान निकालाचा १९९२ पासूनचा नियम आहे. तरी २७ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील बंडखोर आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत वेळ दिला. २९ जूनला बहुमत चाचणीला स्थगिती नाकारली आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. ११ मे २०२३ ला घटनापीठाने राज्यपालांचा चाचणीचा निर्णय समर्थनीय नव्हता असे म्हटले, पण चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला गेल्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नाही असेही सांगितले. स्थगिती नाकारली जाते त्या रात्री पक्षकार काय करतो, यावर पुढचा दिलासा अवलंबून असतो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

संपूर्ण कायद्यालाच स्थगिती?

फार दुर्मीळ, विधिमंडळाचा कायदा वैध आहे असे कोर्ट धरून चालते. मराठा आरक्षणाच्या २०१८ च्या कायद्याला ९ सप्टेंबर २०२० ला आणि तीन कृषी कायद्यांच्या अंमलबजावणीला १२ जानेवारी २०२१ ला स्थगिती मिळाली, ही दोन ठळक उदाहरणे.

बंद किंवा मोर्चाविरुद्ध मनाई येऊ शकते का?

बंदविरुद्ध येते. २३ ऑगस्ट २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशीच्या महाराष्ट्र बंदपासून सर्व पक्षांना रोखले. ३० जुलै २००३ च्या बंदबद्दल शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले होते. शांततापूर्ण मोर्चा वेगळा. तो अनुच्छेद १९ खालचा हक्क आहे, त्यावर जागेची आणि वेळेची बंधने येतात.

पोलीस किंवा दंडाधिकारी काढतात तो जमावबंदी आदेश म्हणजे कोर्टाची मनाई नव्हे. तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो, पूर्वीचे १४४, आणि साधारण दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही.

कंपनीने आमच्याविरुद्धच ‘बोलू नका, लिहू नका’ अशी मनाई आणली आहे.

घाबरून पोस्ट पुसण्याआधी आदेशाची प्रत मिळवा आणि नेमकी कोणती विधाने रोखली आहेत ते वाचा. आदेश लागू आहे तोवर पाळा, आणि लगेच आदेश ३९ नियम ४ खाली तो उठवण्याचा अर्ज किंवा आदेश ४३ खाली अपील करा. २२ मार्च २०२४ च्या ब्लूमबर्ग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुनावणीआधीच लेखन रोखणारी मनाई अगदी अपवाद म्हणून द्यावी, तीही बचाव उघडच टिकणार नाही अशी खात्री असेल तेव्हा. बलाढ्य पक्ष टीकाकारांना दमवण्यासाठी असे दावे लावतात याचीही त्या निकालात दखल आहे. तुमच्या प्रत्येक विधानासमोर त्याचा आधार असलेला कागद लिहिलेला तक्ता करून अर्जाला जोडा.

खर्च किती?

एनजीटीत भरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये. मागितली असेल तर रकमेच्या एक टक्का, किमान १,०००. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. एनजीटी दिवाणी प्रक्रिया संहितेला बांधलेली नाही आणि तिथे स्वतः उभे राहता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि आपत्तिग्रस्तांना तिथे उत्पन्नाची अट लागत नाही.